गावात थ्रेशर दोनच: मार्चमधल्या उन्हाचं आणि गारपिटीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं. गाव, वर्ष आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. राज्यात एक रुपयात पीकविमा मिळत होता तेव्हाच्या एका रब्बी हंगामातली गोष्ट, एवढं पुरे. मी त्या भागात शेतकरी गटांबरोबर काम करतो आणि त्या आठवड्यात दोनदा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. बाकीचं नंतर दोन्ही भावांकडून आणि दोन्ही जावांकडून वेगवेगळं ऐकलं. चौघांच्या आठवणी सगळीकडे जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे तसं लिहिलं आहे.

शेती नऊ एकर, दोन भावांची, अजून एकत्र. चार एकर हरभरा, अडीच एकर गहू, दोन एकर संत्र्याचा बगीचा, उरलेल्यात विहीर, कोठा आणि धुरे (बांध). हरभरा जाकी ९२१८ या वाणाचा, म्हणजे साधारण १०५ ते ११० दिवसांचा. सोयाबीन निघायला उशीर झाला म्हणून पेरणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली. हिशेबाने सोंगणी, म्हणजे कापणी, मार्चच्या मध्याला यायला हवी होती. गहू त्याच्याही मागचा. बगीच्यात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, फळं झाडावर होती. बाग ठोक्याने एका व्यापाऱ्याला दिलेली, एक तृतीयांश रक्कम इसार म्हणून हातात आलेली, बाकीची तोड्याच्या वेळी.

थोरले भाऊ व्यवहार बघतात: बाजार, बँक, विमा. धाकटे पाणी, फवारणी, ट्रॅक्टर. मजूर लावण्याचं काम धाकट्यांच्या पत्नीकडे, कारण सोंगणीला येणाऱ्या बायकांच्या टोळीची मुख्य बाई त्यांच्या माहेरच्या गावची. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

त्या वर्षी ऊन लवकर आलं. फेब्रुवारीच्या शेवटीच नागपुरात पारा ३७ च्या घरात गेला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ३९ ला टेकला. नागपुरात मार्च महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असतं. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. त्यामुळे त्या आठवड्यात उन्हाबद्दल कोणताही इशारा नव्हता. पण हरभऱ्याला आणि गव्हाला निकष ठाऊक नसतात. हरभरा आठ दिवस आधीच पिवळा पडून घाटे (शेंगा) वाजायला लागले. गव्हाचा दाणा चिकात असतानाच तापला. असं काय होतं ते देशाने २०२२ साली पाहिलंच होतं: १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरलेला तो मार्च, बारीक राहिलेला गहू, आणि मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर आलेली बंदी.

अडचण

सोमवारी संध्याकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा पाच दिवसांचा अंदाज गावातल्या व्हॉट्सअॅप गटावर आला. गुरुवार ते शनिवार, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचे वारे. इशाऱ्याचा रंग पिवळा, म्हणजे लक्ष ठेवा. बुधवारी दुपारी त्यातला शुक्रवार नारिंगी झाला, म्हणजे तयारीत राहा: वारे ५० ते ६० आणि गारपिटीचा उल्लेख.

उन्हाचा आणि गारांचा संबंध गावात कोणाला सांगावा लागत नाही. "लय तापून राहिलं, आता काहीतरी येते," हे वाक्य मी त्या सोमवारी तीन जणांकडून ऐकलं. घडतं ते असं: पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन उत्तर भारतावरून सरकणारी हवामान प्रणाली, वरच्या थरात थंड हवा आणते. खालून बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे विदर्भापर्यंत पोहोचतात आणि पश्चिमेच्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यांना भिडतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ही भिडण्याची पट्टी, म्हणजे द्रोणिका, बऱ्याचदा विदर्भातून थेट दक्षिणेकडे पसरलेली असते. जमीन तापलेली, खाली दमटपणा, वर गारठा. दुपारनंतर ढग उभे वाढायला एवढं पुरतं. मे महिन्याच्या मानाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणाची पातळी खाली असते, त्यामुळे ढगात तयार झालेली गार जमिनीवर येईपर्यंत वितळून जात नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यभर आठवते ती त्यामुळेच. नुकसान ऐन काढणीच्या पिकाचं झालं.

म्हणजे अंदाज होता, वेळेवर होता आणि सगळ्यांच्या फोनवर होता. अडचण वेगळी होती. उन्हाने सगळ्या गावाचा हरभरा एकदमच पिकवला होता. एरवी पेरणीच्या तारखेप्रमाणे सोंगणी दोन-अडीच आठवडे पसरते, त्यात मजुरांच्या टोळ्या आणि थ्रेशर आळीपाळीने फिरतात. या वेळी सगळ्यांना सगळं त्याच पाच दिवसांत हवं होतं. गावात थ्रेशर दोनच. टोळ्या तीन, त्यातली एक आधीच शेजारच्या गावाला बांधलेली.

समोर असलेले पर्याय

सोमवारी रात्री ओसरीवर चर्चा झाली. मी होतो. चार वाटा निघाल्या.

पहिली, थांबायची. हरभरा उभा ठेवायचा, शनिवार जाऊ द्यायचा. थोरल्यांचा कल इकडे. "मागच्या खेपेलेही असंच सांगतलं होतं. थेंब तरी पडला काय?" फेब्रुवारीच्या शेवटी असाच पिवळा इशारा होता आणि गावात खरंच काही झालं नव्हतं. पण "तुरळक ठिकाणी" हा शब्द हवामान खात्याच्या भाषेत मोजून वापरलेला असतो: भागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठिकाणी. फेब्रुवारीत शेजारच्या तालुक्यात झाडं मोडली होती. अंदाज खरा ठरला होता, फक्त आपल्या धुऱ्यावर नाही. हे मी बोललो, पण ज्याच्या शेतात थेंब पडला नाही त्याला ते पटायला अवघड जातं. मलाही त्याच्या जागी गेलं असतं.

दुसरी, उद्यापासूनच सोंगायचं. धोका असा की कापलेला हरभरा वाळायला या उन्हातही दोन-तीन दिवस लागतात, आणि नेमका तो जमिनीवर पसरलेला असताना पाऊस आला तर दाणा काळवंडतो. "कापून ठेवलेलं भिजलं तं कोण पाहीन?" हा थोरल्यांचा प्रश्न वावगा नव्हता.

तिसरी, हार्वेस्टर लावायचा. ही वाट पाच मिनिटांत मिटली. जाकीचं झाड बुटकं आणि पसरट, खालचे घाटे यंत्रात येत नाहीत, शिवाय शेताच्या खालच्या अंगाला अजून हिरवेपणा होता.

चौथी वाट धाकट्यांनी काढली: सोंगायचं, पण गुरुवारी रात्रीपर्यंत जेवढं होईल तेवढं गंजी (ढीग) लावून झाकायचं आणि थ्रेशर शुक्रवारी सकाळीच सांगून ठेवायचा. त्या रात्री बोललेल्यात मला हेच सगळ्यांत पुरं वाटलं. त्यावर थोरले म्हणाले, "उद्या पाहू." थ्रेशरवाल्याला फोन झाला नाही.

दोन गोष्टी चर्चेत आल्याच नाहीत. एक, गव्हाचं पाणी. दुसरी, बगीचा.

काय केलं

मंगळवारी थोरले एका नात्यातल्या साखरपुड्याला नागपूरला गेले. त्याच सकाळी टोळीच्या मुख्य बाईने धाकट्यांच्या पत्नीला सांगितलं होतं: आज वीस बायका आहेत, उद्यापासून अर्ध्या दुसरीकडे जातील, तिथे गुत्ता (ठोक काम) ठरलाय. सोंगणी आज लावा. ही त्या आठवड्यातली सगळ्यांत महत्त्वाची माहिती होती. ती घरी आली, पण निर्णयापर्यंत पोहोचायला रात्र झाली. भासऱ्यांना (थोरल्या दिरांना) थेट फोन करायची त्या घरात पद्धत नाही. त्यांनी जाऊबाईंना सांगितलं; जाऊबाई म्हणाल्या, हे आले की सांगते. धाकट्यांनाही कळलं होतं, पण मजुरीचे पैसे थोरल्यांकडे आणि रात्रीचं "उद्या पाहू" ताजं. (धाकटे म्हणतात त्यांनी दुपारी भावाला फोन केला होता, लागला नाही. थोरल्यांना असा फोन आलेला आठवत नाही.) मंगळवारी दिलेल्या कृषी सल्ल्यातही पक्व हरभरा सोंगून सुरक्षित जागी ठेवा, असंच होतं. तो गटावर पडून राहिला.

बुधवारी सोंगणी सुरू झाली. वीसऐवजी बारा बायका, मजुरी रोजामागे पन्नास रुपये जास्त. सव्वा एकर झालं. दुपारी नारिंगी इशारा आला. थोरल्यांनी तेव्हा थ्रेशरवाल्यांना फोन केले: एकाकडे नंबर सोमवारनंतरचा, दुसऱ्याने शनिवार सकाळ दिली.

त्याच रात्री धाकट्यांनी गव्हाला पाणी दिलं. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. दिवसभर ३९ अंश, दाणा भरायची शेवटची संधी, तुषार लावून दिले. एकट्या उन्हाकडे बघितलं तर अगदी बरोबर काम.

गुरुवारी आणखी सव्वा एकर. आभाळ स्वच्छ, हवा दाबलेली, संध्याकाळी आग्नेयेकडून वारा. मी परत गेलो तेव्हा वाद चालू होता, आणि तो आजही त्या घरात चालू आहे. अडीच एकर कापलेलं पडलं होतं, दीड एकर उभं. शुक्रवारी सकाळी काय करायचं: उरलेलं कापायचं की कापलेलं गोळा करून झाकायचं? थोरले म्हणत, कापा, उभं राहिलं तर गारा घाटे फोडतील. वहिनी, म्हणजे थोरल्यांच्या पत्नी, म्हणत होत्या की कापणं सोडा, आहे ते उचला. शेवटी मधली वाट निघाली: अकरापर्यंत कापा, मग गंजी लावा.

शुक्रवारी अकराचे बारा झाले. अर्धा एकर कापून झालं. मग ट्रॉलीने गंजी लावायला घेतली. घरात मोठी ताडपत्री एक, दुसरी फाटकी. जागा निवडली ती शेताच्या खालच्या कोपऱ्यातली, कारण तिथून रस्ता जवळ आणि शनिवारी थ्रेशर तिथेच उभा राहणार होता. खाली तुराट्या-पऱ्हाट्या अंथरायला वेळ नव्हता. तीनपर्यंत साधारण दोन एकरांचा माल गंजीत गेला, एका एकराचा पसरलेलाच राहिला.

सव्वातीनला पश्चिमेकडे ढग उभा दिसला. विजांची सूचना देणाऱ्या 'दामिनी' अॅपवर चाळीस किलोमीटरच्या आत विजा दाखवत होत्या. धाकट्यांच्या पत्नीने तिथेच काम थांबवलं. मजुरी पूर्ण देणार, पण आता निघा, असं सांगून बायकांना ट्रॅक्टरने गावात पाठवलं. थोरले म्हणाले, अर्धा तास अजून होता. त्यावर त्यांनी पहिल्यांदा भासऱ्यांना समोरासमोर उत्तर दिलं असं ऐकलं. काय उत्तर दिलं ते दोघांनीही सांगितलं नाही. धुऱ्यावर आंब्याचं एकच मोठं झाड आहे आणि पाऊस आला की सगळे त्याच्याखाली जातात. वादळ पावणेपाचच्या सुमाराला आलं. अर्धा तास काम चाललं असतं, मग सामान गोळा करण्यात वेळ गेला असता, आणि उघड्या ट्रॉलीत बसलेल्या बारा बायका रस्त्यात सापडल्या असत्या किंवा त्या आंब्याखाली. या प्रकरणातला हा एक निर्णय मला कुठूनही तपासला तरी बरोबरच दिसतो.

आधी धूळ, मग वारा, मग आठ-दहा मिनिटं गारा, बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. त्यानंतर अर्धा तास पाऊस. लाइन गेली ती शनिवारी दुपारी आली.

काय झालं

हरभरा एकरी सात क्विंटलने अठ्ठावीस क्विंटल अपेक्षित होता. हाती तेवीस आला. तुटून बघितलं तर असं:

उभा एक एकर: घाटे फुटून दाणे मातीत गेले. साडेतीन क्विंटल मिळाला, म्हणजे निम्मा.

पसरलेला एक एकर: गारांनी त्याचं फारसं बिघडलं नाही, पडलेल्या झाडाला मार कमी लागतो. पण भिजला. शनिवार-रविवारी उलटून वाळवला, मंगळवारी काढला. सहा क्विंटल, पण दाण्यावर डाग.

गंजीतले दोन एकर: वरून कोरडे. खालून मात्र पाणी शिरलं, कारण सगळ्या शेताचा उतार त्याच कोपऱ्याकडे. बारा क्विंटल चांगला, दीड क्विंटल काळा.

कळमन्याच्या बाजारात चांगल्या मालाला चालू भाव मिळाला. बाकीचा अकरा क्विंटल क्विंटलमागे सहाशे रुपये कमीने गेला.

गहू लोळला. ओली जमीन आणि वारा, दोन्ही एकदम. शेजाऱ्याचा गहू, त्याच वाणाचा, पाणी न दिलेला, बराचसा उभा राहिला. त्याचा दाणा थोडा बारीक निघाला, यांचा आडवा पडून आणखी बारीक, आणि सोंगायला दीडपट मजुरी.

बगीच्यात दोनशेवीस झाडांखाली सडा पडला. जी फळं झाडावर राहिली त्यांच्या सालीला मार बसलेला. मार लागलेलं संत्रं दोन-तीन दिवसांत सडायला लागतं, म्हणून व्यापाऱ्याने रविवारी घाईने तोडा केला आणि ठरलेल्या रकमेतला चौथा हिस्सा कापला. चिठ्ठीत गारपिटीचं नावच नव्हतं, त्यामुळे भांडायला कागद नव्हता. तोडा झाल्यावर मोडक्या फांद्या छाटून, जखमांना बोर्डो मलम लावून, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला तीन ग्रॅम फवारलं. फळं झाडावर असताना फवारलं नाही, हे बरं केलं.

विम्याचं. तेव्हाच्या नियमांत दोन वेगळे रस्ते होते: उभ्या पिकाचं गारपिटीने झालेलं नुकसान स्थानिक आपत्तीखाली, आणि कापून शेतात पसरून किंवा लहान पेंढ्या बांधून वाळत ठेवलेल्या पिकाचं नुकसान काढणीपश्चात, सोंगणीपासून चौदा दिवसांपर्यंत. दोन्हींची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची. धाकट्यांची मुलगी नागपूरला शिकते. तिने शनिवारी सकाळी आईला शेजाऱ्याच्या फोनवर गाठून एकच गोष्ट बजावली: उलटायच्या आधी फोटो काढ. रविवारी तिने दोन्ही सूचना स्वतः भरल्या. पाहणी सहा दिवसांनी झाली, तोवर शेत मोकळं होतं. उभ्या एकराची भरपाई पावसाळ्यात आली, पसरलेल्याची फोटोंच्या आधारे त्याच्याही नंतर, कमी. गंजीतल्या काळ्या मालाचं काही मिळालं नाही. नियमाच्या शब्दांत मोठी गंजी बसत नाही. खरीप २०२५ पासून राज्याने योजनेचं रूप बदलून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर नेली आणि हे दोन्ही रस्ते वगळले, तेव्हा आज हे कोणी जसंच्या तसं धरू नये.

निर्णयाच्या जागा

घरात अजून वाद शुक्रवार सकाळचा आहे. कापायचं होतं की झाकायचं होतं. मी तो हिशेब दोघांसमोर मांडून पाहिला. समजा शुक्रवारी सहालाच गंजी लावायला घेतली असती आणि अर्धा एकर कमी कापला असता. तो अर्धा एकर उभा राहून निम्मा गेला असता, म्हणजे पावणेदोन क्विंटलचा तोटा. उलट कापलेले सगळे अडीच एकर झाकले गेले असते, तेही ताडपत्री पुरली असती तर. वजनात थोडा तोटा, डागी माल बराच कमी. एकाला दुसरं जवळजवळ खाऊन टाकतं. ज्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त आवाज चढले त्याची किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास निघाली. वहिनींना हे आवडलं नाही, थोरल्यांनाही नाही.

खरी किंमत मंगळवारची. मंगळवारी वीस आणि पुढे बारा बायकांनी गुरुवार दुपारपर्यंत चारही एकर आडवे केले असते. मंगळवारी कापलेलं गुरुवारी संध्याकाळी कडकडीत वाळलं असतं. त्या उन्हाचा एवढा तरी फायदा होता. सोमवारी रात्री थ्रेशरवाल्याला फोन केला असता तर शुक्रवार सकाळचा नंबर होता, हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. म्हणजे वादळ यायच्या आत अर्धा माल पोत्यात आणि अर्धा आरामात रचलेल्या गंजीत. हा निर्णय कोणी चुकीचा घेतला असं म्हणता येत नाही, कारण तो कोणी घेतलाच नाही. "उद्या पाहू" हे त्या रात्री सगळ्यांना थांबून विचार करण्यासारखं वाटलं होतं. मलाही. मी उठताना थ्रेशरवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

आणि फोन करायला पैसे लागत नव्हते. सोंगायचं की नाही हा अवघड प्रश्न होता. थ्रेशरचा नंबर लावून ठेवायचा की नाही हा अवघड नव्हता. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले गेले आणि एकत्रच पुढे ढकलले गेले.

दुसरी जागा गव्हाच्या पाण्याची. इथे ऊन एक सांगत होतं आणि वादळ बरोबर उलटं. उन्हाचा इशारा नव्हता, पण ऊन अंगावर होतं. वाऱ्याचा इशारा होता, पण वारा अजून आला नव्हता. अंगावर असलेल्या गोष्टीकडे हात आधी जातो. धाकट्यांनी बुधवारी नारिंगी रंग पाहिला होता. त्यांच्या डोक्यात तो हरभऱ्याचा इशारा म्हणून बसला, गव्हाचा म्हणून नाही. तेच पाणी सोमवारी रात्री दिलं असतं तर शुक्रवारपर्यंत वरची माती आवळली असती.

तिसरी बगीच्याची. थोरल्यांचं म्हणणं होतं, बाग दिली, आता माल त्याचा आणि जोखीम त्याची. हातात एक तृतीयांश असताना दोन तृतीयांश जोखीम आपलीच असते. व्यापारी भाव चढण्याची वाट बघत तोडा लांबवत होता. ऊन वाढलं की शहरात संत्र्याला मागणी येते. बुधवारी नारिंगी इशारा दाखवून त्याला "उद्या गाडी आण" म्हणायला हवं होतं. त्याने ऐकलं असतंच असं नाही. पण मग चौथा हिस्सा कापताना त्याला तो फोन आठवला असता.

वेगळं काय करता आलं असतं

माहिती ज्याच्याकडे आधी येते आणि पैसे ज्याच्याकडे असतात ती दोन माणसं या घरात वेगळी होती, आणि मध्ये एक दिवसाचं अंतर होतं. हे मी त्यांच्याच घरात बोलायला कचरलो. धाकट्यांच्या मुलीने बोलून टाकलं: काकांनी सोंगणीच्या आठवड्यापुरते वीस हजार आईच्या हातात द्यावेत, टोळी कधी लावायची ते तिचं ती पाहील. थोरल्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दिवाळीत म्हटलं.

गटाच्या पातळीवर आम्ही एक बदल केला. अंदाज आला की तो नुसता पुढे ढकलत नाही. खाली तीन ओळी लिहितो: थ्रेशर कोणाकडे कधी मोकळा, टोळी कोणती कुठे, गव्हाला पाणी द्यायचं की नाही. पहिल्या दोन ओळींमुळे थोडी भांडणंही झाली, कारण कोणाचा नंबर कधी हे सगळ्यांना दिसायला लागलं. पिवळ्या इशाऱ्याला फुकट किंवा स्वस्तात होणारी कामं करून टाकायची आणि नारिंगीला महागडी, असं एक ढोबळ ठरलंय. नंबर लावणं, ताडपत्री उलगडून भोकं बघणं, गंजीची उंचवट्याची जागा ठरवून तिथे पऱ्हाट्या टाकून ठेवणं, पाणी थांबवणं: ही पिवळ्याची कामं. इशारा दहापैकी सात वेळा आपल्या शेतावरून निघून गेला तरी यांत गमावण्यासारखं काही नाही.

शेवटच्या तीन तासांसाठी नागपूरच्या रडारवरून निघणारा तात्कालिक अंदाज उपयोगी पडतो, पण तो माणसं आणि जनावरं घरी आणण्यापुरता. त्यावर चार एकर सोंगून होत नाहीत.

यंदा थोरल्यांनी फेब्रुवारीतच थ्रेशरवाल्याला हजार रुपये इसार दिला. बगीच्याच्या चिठ्ठीत गारपिटीची ओळ आली: इशारा नारिंगी झाल्यापासून दोन दिवसांत तोडा केला नाही तर पुढचं नुकसान व्यापाऱ्याचं. व्यापारी बराच वेळ हसला आणि मग सही केली. गंजीची जागा विहिरीजवळच्या टेपराकडे (उंचवट्याकडे) हलवली आहे. दुसरी ताडपत्री अजून आणायची आहे. मागच्या आठवड्यात विचारलं तर थोरले म्हणाले, "आणतो नं, उद्या पाहू," आणि धाकट्यांच्या पत्नी चहाचे कप उचलता उचलता थांबल्या.